पाचवा हात

मानसिंगराव श्रावणात गेले तेव्हा त्यांच्यासाठी रडायला फारसं कोणी नव्हतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि नात्यात जे उरले होते त्यांना ते चंपाषष्ठीपुरते आठवत. दर मार्गशीर्षात उज्जैनहून बसने देवासला यायचं, चुलतभाऊ अण्णांच्या घरी तळीच्या ताम्हणाला हात लावायचा, दोन रोडगे जास्त खायचे आणि संध्याकाळी परत जायचं, एवढंच त्यांचं घराण्यातलं काम होतं. ते काम केवढं मोठं होतं, हे कार्तिक संपत आला तेव्हा अण्णांच्या ध्यानात आलं.

चाबुकस्वारांकडे चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतात. ताम्हणात भंडारा, पानसुपारी, खोबरं आणि मधोमध नारळ ठेवायचा, घराण्यातल्या पाच पुरुषांनी काठाला धरून ते तीनदा उचलायचं आणि येळकोट करायचा. पाचही रक्ताचे लागतात. जावई चालत नाही, शेजारी तर नाहीच. पवारांच्या फौजेबरोबर घोडी फिरवायला जो पहिला पुरुष माळव्यात आला, त्याच्यापासूनचा हा नेम आहे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कोणी तेव्हा हजर नव्हतं, पण नेमाला साक्षीदार लागत नाहीत. अण्णांच्या लहानपणी त्या ताम्हणाला हात लावायला मिळावा म्हणून पोरं एकमेकांना चिमटे काढत. आता अण्णा, धारचे त्यांचे धाकटे भाऊ गोपाळराव, अण्णांचा अजेय आणि गोपाळरावांचा अर्पित, असे चारच उरले होते. चाबुकस्वारांच्या पुढच्या पिढीत मुलगा नव्हता. अजेयला एक मुलगी होती आणि अर्पितला दोन.

तळीचा नारळही कोणालाही देत नाहीत. ज्या सुनेकडून पुढचा हात यायचा, तिच्या ओटीत तो घालायचा. तिने पदर पुढे केला म्हणजे देवाला शब्द दिला. अजेयची गुड्डी वर्षाची झाली तेव्हापासून तो नारळ त्याच्या बायकोच्या, देवश्रीच्या ओटीत पडत होता. ती पदर पुढे करायची, वाकून नमस्कार करायची आणि तिसऱ्या दिवशी घरात नारळाची बर्फी व्हायची. मानसिंगराव होते तोवर हे असंच चालून गेलं असतं. यंदा पाचवा हात नव्हता, तेव्हा बर्फीवर भागणार नव्हतं.

सकाळी भोपाळ रोडवरच्या त्या डुप्लेक्सच्या वरच्या खोलीत साडीच्या निऱ्या धरता धरता देवश्री अजेयला म्हणाली, "आज मी पदर पुढे करणार नाही. अण्णांना काय ते तू सांग."

"आजच? सगळे असताना?"

"सगळे असतानाच मला बोलतात ना. मग सगळ्यांनीच ऐकावं."

अजेयने घड्याळ बांधलं, सोडलं आणि परत बांधलं. सांगायचं होतं ते काही भयंकर नव्हतं. गुड्डी तीन वर्षांची झाली तेव्हा त्याने इंदूरला जाऊन नसबंदी करून घेतली होती. एकच मूल, पण नीट शिकवू, असं दोघांचं ठरलं होतं. त्याने देवश्रीला विचारलं होतं आणि तीही बरं म्हणाली होती. रात्रभर विचार करून म्हणाली होती, पण म्हणाली होती. तेव्हा तिला त्या गोष्टीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती पुढच्या सहा वर्षांबद्दल. अजेयने घरात अवाक्षर काढलं नव्हतं, आणि घराने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता, की इंदूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी सून आणली, तिला आता मुलं कुठली हवीत. 'शिकली आणि हुकली', हे गोपाळरावांचं वाक्य होतं. ते दर चंपाषष्ठीला म्हणत आणि दर वेळी स्वतःच हसत.

"सांगतो," अजेय म्हणाला. "पण जेवणं झाल्यावर?"

"नारळाच्या आधी," देवश्री म्हणाली आणि खाली गेली.

धारहून गाडी आली तेव्हा वांगी भाजून होत आली होती. गोपाळरावांनी गाडीतून उतरताच नवी गाडी कशी पळाली ते सांगितलं. धामनोदला हायवेवर त्यांनी एका टपरीत पंक्चर काढायला सुरुवात केली होती. आता अर्पितच्या हाताखाली टायरची तीन दुकानं होती, मुली इंग्रजी शाळेत जात होत्या आणि धारच्या घरात चार बाथरूम होती. आत आल्यावर त्यांनी मोठ्या भावाच्या पाया पडून विचारलं, "पाचव्याचं काय ठरलं, अण्णा?"

"सुपारी मांडू," अण्णा म्हणाले. "पूजेला बायको नसली तर सुपारी मांडतातच की."

"सुपारी एक साल चालेल. पुढे?"

"पुढचं आज ठरवायचंय," अण्णा म्हणाले. देवश्री ताक घेऊन आली होती. तिच्याकडे न बघता ते हे बोलले, म्हणजे ते तिच्यासाठीच होतं.

अण्णांच्या पत्नी दुर्गाबाई देवाचं सोवळं सांभाळत होत्या, म्हणून स्वयंपाकघर दोघी जावांच्या हाती होतं. अर्पितची बायको जया तिथे खाली बसून वांग्यांची सालं काढत होती. बारावीनंतर तिचं लग्न झालं होतं. पण चार वर्षांपूर्वी तिने धारकडच्या बाग गावच्या छपाईच्या साड्या घरून विकायला घेतल्या, आणि आता दर आठवड्याला ती स्वतः बागला जाऊन कारागिरांकडून माल निवडून आणत होती. नागपूर-पुण्याहून बायका तिला फोन करत. त्या फोनवर ती जे मराठी बोले, ते ऐकून पुण्याच्या बायका दोन मिनिटं गप्प होत, पण साड्या घेत.

"ताई, एक विचारू? बुरा नका मानू," जया म्हणाली. "तुम्हाला दुसरं नकोच आहे, की होत नाही?"

देवश्रीने कांद्याची पात चिरता चिरता हात थांबवला. आज सांगायचंच होतं, तर सुरुवात इथून करावी असं तिला वाटलं. तिने सगळं सांगितलं.

जया हातात वांगं धरून बघत राहिली. "अजेय भियांनी? खुद? आमच्याकडे तर माणूस दात काढायलाही घाबरतो." मग तिला हसू आलं आणि दोघीही हसल्या. हसता हसता जयाच गंभीर झाली. "मग हे आज सगळ्यांसमोर सांगणार तुम्ही?"

"अजेय सांगणार."

"नका सांगू, ताई."

"का?"

"तुमचं दार कायमचं बंद आहे हे मालूम पडलं, की सगळे माझ्या दाराशी येतील. आतापर्यंत मामंजी मला दबक्या आवाजात म्हणतात, 'तिसरा होऊन जाऊ दे, अर्पितसुद्धा तिसराच होता.' मी म्हणते, मोठ्या घरचं बघा आधी, नारळ त्यांच्याकडे आहे. तुमच्या नावावर मी निभावलंय इतके दिवस."

देवश्रीला राग आला. कोणाचा आला हे तिला लगेच कळलं नाही. "आणि मी काय करू, जया? सहा वर्षं ऐकतेय. वंश बुडवला, शिकून वाया गेली. माझ्या आईसमोर म्हणाले होते काका."

"ऐकून घ्यायचं ना, ताई," जया म्हणाली. ती हे निष्ठुरपणे म्हणाली नाही, सरळ हिशेब सांगावा तसं म्हणाली. "तुम्हाला ऐकावंच लागतं. मला तर मूल काढावं लागेल. मुलगी झाली तर चौथं. नऊ महिने मी बागला कशी जाणार? कारागीर माल दुसऱ्याला देतील. एवढं मुश्किलीने बसवलंय."

"अर्पित काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार. माझ्यासमोर म्हणतात दोन बस. त्यांच्यासमोर मुंडी हलवतात."

सकाळपासून जी गोष्ट आपल्या सुटकेची वाटत होती, ती दुसरीच्या गळ्यात पडणार होती, आणि ही दुसरी काही वाईट बाई नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटावी असं आपण काहीच केलेलं नाही म्हणून पुन्हा रागही आला. शेवटी ती उठली. "थांब. मी अजेयला सांगते, आज काही बोलू नकोस म्हणून."

पण अजेय विड्याची पानं आणायला बाहेर पडला होता आणि अर्पित त्याच्याबरोबर होता. देवश्रीने फोन लावला. तो वरच्या खोलीत चार्जिंगला वाजला.

पानवाल्याच्या दुकानाशी दोघे भाऊ उभे होते. मागे देवीच्या टेकडीवर जाणाऱ्या लोकांच्या गाड्या लावलेल्या होत्या. अजेयला जन्मभर एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे वडिलांना नाही म्हणणं. कारखान्यात हाताखाली तीनशे माणसं होती आणि युनियनशी तो चढ्या आवाजात बोले. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, 'चहा घेणार?' तर तो नको असतानाही घेई.

अण्णांना हे सांगणं आणखी एका कारणाने अवघड होतं. अण्णांनी सारी नोकरी आरोग्य खात्यात परिवार नियोजनाचा प्रचार करण्यात घालवली होती. टोंकखुर्द तहसिलीतल्या भिंतीभिंतींवर त्यांनी लाल त्रिकोण रंगवून घेतले होते. मोठ्या मुलीच्या पाठीवर अजेय झाला, आणि तो वर्षाचा झाला तेव्हा त्यांनी लोकांपुढे उदाहरण म्हणून स्वतःची नसबंदी करून घेतली, आणि ही गोष्ट ते अजूनही पाहुण्यांना सांगत. दोन मुलांनंतर थांबणारा पुरुष शूर, असं मानणाऱ्या बापाला, मी एकीनंतर थांबलो, हे कसं सांगायचं? दुसऱ्या कोणाच्या बापाने समजून घेतलं असतं की नाही कोण जाणे. या बापाने समजून घ्यायलाच हवं होतं, आणि तेच अजेयला कठीण जात होतं.

"बाबा पीछे पडलेत, भिया," अर्पित म्हणाला. "तिसरा, तिसरा. मला तर दोनच भारी आहेत. शाळा, ट्यूशन, स्केटिंग. आमच्या वेळी काय होतं, पाच पोरं एका रिक्षात कोंबली की शाळा झाली."

"मग सांग ना काकांना."

"तू सांगितलंस मोठ्या बाबांना?"

अर्पितला काहीच माहीत नव्हतं. तो आपला सहज बोलला. पण अजेयला ते लागलं. घरी आल्यावर गाडी लावता लावता त्याने ठरवून टाकलं. एकदा ठरलं की त्याला हलकं वाटलं, आणि आजवर उगाच घाबरलो असंही वाटलं. घरात शिरला तेव्हा देवश्री दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही, असं ती सांगत होती. सकाळच्या बोलण्याची आठवण देते आहे असं त्याला वाटलं आणि त्यानेही मान हलवली, म्हणजे हो, लक्षात आहे. तिला काही बोलायला मिळण्याआधीच अण्णांनी हाक मारली.

घोंगडीवर ताम्हण मांडलं होतं. चौघे चार बाजूंनी बसले आणि पाचव्या जागी पानावर सुपारी ठेवली. दुर्गाबाई दिवटी पाजळून मागे उभ्या राहिल्या. त्या फार बोलत नसत. आज एवढंच म्हणाल्या, "सुपारी येळकोट म्हणणार नाही, तेव्हा तुम्ही जोरात म्हणा." चौघे जोरात म्हणाले. ताम्हण तीनदा उचललं, कपाळाला लावलं, भंडारा उधळला. पाचव्याच्या नसण्याने ताम्हण कुठे कललं नाही. अर्पितच्या ते मनात आलं, पण त्याने तोंडातून काढलं नाही.

अण्णांनी नारळ हातात घेतला. "देवश्री, ये." ते थांबले, मग म्हणाले, "यंदा नुसता नमस्कार करून चालणार नाही, पोरी. तू शिकलेली आहेस. आमच्या आईला, जानकीबाईला, नऊ झाली."

"त्यातली जगली तीन, अण्णा," देवश्री हळूच म्हणाली.

"जगली तीन. म्हणून तर आम्ही ताम्हणाला पुरलो. मी तुला नऊ म्हणत नाही. मी आयुष्यभर लोकांना दोन म्हणून सांगितलं. तुलाही दोनच म्हणतो. एक ही कुठली गणती?"

देवश्रीने जयाकडे पाहिलं. जया भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातात रिकामं तबक होतं. देवश्रीने पदर सारखा केला, दोन्ही हातांनी धरला आणि पुढे केला. आणखी एक वर्ष. त्यात काय मोठंसं, असं तिने स्वतःला सांगितलं.

"अण्णा, तिला देऊ नका," अजेय म्हणाला.

"अजेय, राहू दे," देवश्री घाईने म्हणाली.

"नाही. तिचा काही दोष नाही यात. मी ऑपरेशन करून घेतलंय. गुड्डी तीन वर्षांची होती तेव्हाच. आम्हा दोघांचं ठरून."

नारळ अण्णांच्या हातातच राहिला. गोपाळरावांनी कानाला हात लावला, जणू नीट ऐकू आलं नाही. अण्णांच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते बापाचं नव्हतं, खात्याचं होतं. "बिनटाक्याचं केलंस?"

"हो."

"ताप वगैरे?"

"नाही."

अण्णांनी मान डोलावली. साऱ्या नोकरीत आपल्या पायांनी चालत आलेले पुरुष त्यांना बोटावर मोजण्याइतके भेटले होते. बाकीचे ओट्यावर बसून बिडी ओढत आणि म्हणत, 'साहब, करवाना है तो इसका करवा लो,' आणि अंगठा दाराच्या आत दाखवत. आत बांगड्या वाजत. अण्णा त्या बाईचं नाव लिहून घेत आणि पुढच्या घरी जात. पोरगा आपल्या वळणावर गेला याचा त्यांना अभिमान वाटला, खराच वाटला, आणि त्याच वेळी नातू होणार नाही हेही पक्कं कळलं. दोन्ही एकदम वाटल्याने त्यांचे डोळे भरले.

"बरं झालं, एकदाचं कळलं," गोपाळराव म्हणाले. भावाला सावरायला त्यांनी वेळ दिला नाही. त्यांनी अण्णांच्या हातून नारळ काढून घेतला. "मोठ्या घरचं आता संपलं. आता नेम आमच्याकडे. देवघरातले टाकही धारला येतील, देव जिथे हात आहेत तिथे राहील. जया, ये. पदर घे पुढे."

जया हलली नाही.

"मामंजी, मला दोन आहेत."

"दोन्ही मुली. अर्पित तिसराच होता. तेव्हा हेच अण्णा माझ्यावर चिडून वर्षभर बोलले नव्हते, की खात्यातल्या माणसाचा सख्खा भाऊ आणि तिसरं मूल. मी थांबलो असतो तर आज ताम्हणाला कोण बसलं असतं? सुपाऱ्या? आपल्याला कमी आहे का काही? खाऊन-पिऊन सुखी आहोत. दुकानं तीन आहेत. गरिबाला होतात सहा-सहा, आणि आपल्याला एक जड होतं?" ते अण्णांकडे वळले. "एक मुलगा होऊन जाऊ दे, बस. मग हवं तर करून घेऊ दे ऑपरेशन."

हे वाक्य अण्णांनी टोंकखुर्दच्या प्रत्येक गावात ऐकलं होतं. एक लड़का और हो जाए, साहब, फिर. उत्तरादाखल ते चित्रांची पुस्तिका उघडत आणि दोन मुलांचं हसरं घर दाखवत. त्या पुस्तिकेने कोणी थांबलं नाही, हे त्यांना निवृत्तीच्या आधीच कळून चुकलं होतं. लोक पुढे थांबले, ते सोयाबीनचा पैसा आला, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि ज्यांची नावं त्यांनी दाराआडून लिहून घेतली होती, त्यांच्या मुली सायकलवर शाळेला जायला लागल्या तेव्हा. अण्णा हे कोणाला सांगत नसत, कारण सांगितलं तर तीस वर्षं आपण काय केलं असा प्रश्न उरे. पण त्यांना ते माहीत होतं. आणि आता तशीच शाळेत गेलेली एक मुलगी साडी नेसून, हातात तबक धरून त्यांच्या समोर उभी होती, आणि तिच्या सासऱ्याने नारळ पुढे धरला होता.

"गोपाळ, थांब," अण्णा म्हणाले. "जया, तुला किती हवीत?"

खोलीत सगळेच चमकले. जयाला वाटलं आपल्याला नाही विचारलं. तिने अर्पितकडे पाहिलं.

"त्याच्याकडे बघू नकोस. तुला विचारतोय."

"दोन," जया म्हणाली. "झाली माझी."

"तिला काय विचारता, अण्णा?" गोपाळराव म्हणाले. "अर्पितला विचारा."

अर्पितने घोंगडीची दशी ओढली. मग अजेयकडे पाहिलं, आणि जे बोलायचं ते घोंगडीकडे बघून बोलला. "बाबा, जया म्हणते तेच."

शौर्याने भरलेलं वाक्य नव्हतं ते, पण गोपाळरावांना पुरलं. त्यांनी नारळ ताम्हणात ठेवला आणि उठले. "मग पुढल्या वर्षी मला बोलावू नका. तीन सुपाऱ्या मांडा." ते पडवीत जाऊन चपला घालून बसले. गाडीची किल्ली अर्पितच्या खिशात होती, म्हणून पडवीच्या पुढे त्यांना जाता आलं नाही.

देवश्री जयाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींना बोलायचं होतं, पण इथे नाही. जयाने तबक खाली ठेवलं. अजेय त्यांच्याकडे बघत होता. आपण काहीतरी चुकीच्या वेळी बरोबर केलं एवढं त्याला समजलं होतं. कसं चुकलं, हे बायको त्याला रात्री समजावणार होती.

अण्णा अजून घोंगडीवरच होते. घराण्याचा नेम आपल्या हयातीत मोडला याचं त्यांना दुःख होतं, ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पण दुःखाबरोबर एक समाधानही होतं, आणि अण्णा मूळचे प्रचारक, समाधान मनात ठेवणं त्यांना जमत नसे. "पुढल्या वर्षी जेवढे असू तेवढ्यांनी उचलू," ते म्हणाले. "देवाला कळतं. एवढी वर्षं नोकरी केली, हजारो घरं फिरलो, पुरुषांना विचारलं, सासवांना विचारलं. पण कुठल्या बाईला समोर उभी करून, तुला किती हवीत, असं विचारलं नाही. आज पहिल्यांदा विचारलं."

दुर्गाबाई दिवटी विझवत होत्या. त्यांनी वात चिमटीत दाबली, बोटं पदराला पुसली.

"मला विचारलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी चार म्हटलं असतं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. अण्णांना आधी वाटलं, त्या थट्टा करताहेत. मग त्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कॅम्पवरून आलात आणि सांगितलंत, करून आलो म्हणून," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर काय बोलायचं?" त्यांनी देवासमोरचं नैवेद्याचं पान उचललं. "पानं घेते मी. भाऊजींना आत बोलवा, उपाशी जायचे ते."